शहागंजचा खेकडा

लग्नाआधी मला खेकड्याबद्दल दोनच गोष्टी माहीत होत्या. एक, त्यानं बोट धरलं की लवकर सोडत नाही. आणि दुसरी, आईच्या हातचा त्याचा रस्सा प्यायला की सर्दी पळते. आमचं गाव बिडकीनच्या पुढं. पावसाळ्यात ओढ्याच्या दगडाखाली खेकडे निघायचे. धरायचे, खायचे, विषय संपला. त्यांच्यावर कुणी पीएच.डी. करत असेल हे मला खुलताबादला मुलगी बघायला गेलो त्या दिवशी कळलं.

मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "शिक्षण किती झालंय?"

"एम.एस्सी. झालंय. आता पीएच.डी. करतेय," ती म्हणाली.

"अरे वा. कशात?"

"खेकड्यांत."

मामांना जरा कमी ऐकू येतं. ते खूश झाले. "खेड्यांत! चांगलंय. ग्रामविकासाला लई वाव आहे."

"खेड्यांत नाही, खेकड्यांत," तिनं शांतपणे सांगितलं. "म्हणजे सगळ्या नाही. समुद्रात पोहणाऱ्या खेकड्यांचं एक कुल आहे. त्यातल्या एका उपकुलावर माझं काम आहे."

मामांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी पोह्यांकडं बघितलं. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेल्या आईनं विचारलं, "पर समुद्र कुठंय गं पोरी खुलताबादला?"

"नाहीये, म्हणून तर काम शांतपणे होतं."

आई इतकी हसली की तिला पदरानं डोळे पुसावे लागले. परत येताना मामा गाडीत "जरा विचार करा" वगैरे म्हणत होते, पण आईचं ठरलं होतं. "पोरगी चांगली हाय. खेकड्याचं बगू नंतर."

ते नंतर लवकरच आलं. लग्न होऊन ती मुकुंदवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आली, तेव्हा तिच्यासोबत कपाट, मिक्सर आणि काचेच्या बरण्यांचे तीन खोके आले. विद्यापीठातल्या विभागात जागा कमी होती आणि तिला सुट्टीच्या दिवशीही काम करायचं असायचं. बरण्यांत अल्कोहोलमध्ये बुडवलेले खेकडे होते, कुणी नांग्या पुढं करून, कुणी पाय पोटाशी घेऊन. बरणी उघडली की स्पिरिटचा वास जिन्यापर्यंत जायचा. खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा मला बाजूला घेऊन अगदी आपुलकीनं समजावलं, की नवीन लग्न झालंय, असल्या सवयी आत्ताच सोडलेल्या बऱ्या. मी त्यांना वर आणून बरणी दाखवली, तर त्यांचा चेहरा आणखीच गंभीर झाला. त्यांना वाटलं, हा खेकडे घालून पितो.

आईला मात्र खेकडे घरात असण्याचं काही वाटलं नाही. तिला दुःख होतं ते वेगळंच. "येवढे चांगले खेकडे वाया घालवले," ती म्हणायची. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी अजून न निवडलेल्या खेकड्यांची पिशवी असायची. तिच्यावर बायकोनं मोठ्या अक्षरांत "आई, हे खायचे नाहीत" असं लिहून ठेवलेलं होतं.

मी एका कारखान्यात तपासनीस आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, मापात बसत नाही तो बाजूला काढायचा. त्यामुळं एका रविवारी बायकोनं विचारलं, "अहो, तुम्हाला व्हर्नियर धरता येतो ना नीट?" तेव्हा माझी छाती फुगली. घरात आपलं काहीतरी काम निघालं याचा आनंद वेगळाच असतो. तिनं जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली, एक खेकडा चिमट्यानं काढून ठेवला आणि मला शिकवायला बसली.

"हे पाठीचं कवच. कडेला हे दात मोजा बरं डोळ्यापासून."

मी मोजले. सहा होते.

"बरोबर. आपल्या बाजारात मोठा निळा खेकडा येतो ना, त्याला नऊ असतात. तो दुसऱ्या उपकुलातला. आता हा शेवटचा पाय बघा."

शेवटच्या पायाचं टोक चपटं होतं, होडीच्या वल्ह्यासारखं. आई मागून वाकून बघत होती. "आपल्या वढ्यातल्याला टोकदार आसतंय," ती म्हणाली.

"हो आई, तो चालतो. हा पोहतो. पण वल्ह्यासारखा पाय या सगळ्या कुलालाच आहे. माझं उपकुल ओळखायची खरी खूण इथं आहे." तिनं सुईचं टोक खेकड्याच्या डोळ्यापाशी नेलं. तिथून केसासारखी एक शृंगिका निघाली होती. "बाकीच्यांची शृंगिका डोळ्याच्या खोबणीच्या फटीतूनच बाहेर येते. याच्या शृंगिकेचा बुडखा बघा कसा आडवा पसरलाय. फट बुजवून टाकली त्यानं. म्हणून शृंगिका खोबणीच्या बाहेर उभी राहते."

मला भिंगातून डोळा दिसला, बुडखा दिसला, फट काही दिसली नाही. "फट कुठंय?" मी विचारलं.

"बुजलीये म्हणून तर दिसत नाही," बायको म्हणाली. बुजल्यामुळं न दिसणारी फट बघायला विद्यापीठ शिष्यवृत्ती देतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आईनं मात्र तोवर मुद्दा धरला होता. "म्हंजे कुल झालं आडनाव. आन उपकुल झाली भावकी."

"तसंच काहीसं. आधी यांना पुष्कळ जण मोठ्या भावकीतच धरायचे. मग अभ्यास झाला तसं वेगळं काढलं."

"वाटण्या झाल्या," आई समाधानानं म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

मी व्हर्नियर घेतला, खेकड्याची रुंदी धरली आणि कारखान्यात लोखंडावर आवळतो तसे जबडे आवळले. कटकन आवाज झाला. टोकाचा दात मोडून वर्तमानपत्रावर पडला.  बायकोनं चिमट्यानं तो तुकडा उचलला, बरणीत टाकला आणि चिठ्ठीवर बारीक अक्षरांत लिहिलं : शेवटचा डावा दात मोजताना मोडला. कुणी मोडला ते लिहिलं नाही. तेवढी माणुसकी तिच्यात आहे.

सगळे नमुने तिला कोकणातून आणता यायचे नाहीत. म्हणून शहरातल्या शहागंज बाजारातल्या मासळीवाल्याशी तिनं ओळख काढली होती. हे गृहस्थ पिढ्यान्पिढ्यांचे इथलेच. बर्फात घातलेली समुद्राची मासळी त्यांच्याकडं पेट्यांनी यायची. त्यात सुरमई-पापलेटच्या खाली चुकून आलेले लहानसहान खेकडे असायचे, गिऱ्हाईक ज्यांना हात लावत नाही असे. ते खेकडे ते तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. ती दुरून दिसली की हाक मारायचे, "आओ केकडेवाली मॅडम!" मी सोबत असलो तर माझ्याकडं सहानुभूतीनं बघायचे.

एका शनिवारी त्यांनी पानात गुंडाळलेला एक खेकडा पुढं केला. "मॅडम, ये देखो. कुछ अलगइच हय ये."

तिनं तो उलटा केला आणि तिथंच बघत उभी राहिली. मागून लोक ढकलत होते, कोंबड्या ओरडत होत्या, हिला काही नाही. मग तिनं माझा दंड धरला. लग्नानंतर भर बाजारात तिनं असं पहिल्यांदाच केलं होतं.

घरी येऊन ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली. जेवायला उठली नाही. शेवटी मी ताट टेबलावर नेऊन ठेवलं तेव्हा तिनं समजावून सांगितलं. खेकड्याच्या पोटाखाली दुमडलेली एक पट्टी असते. नराची अरुंद, मादीची रुंद, कारण मादीला तिच्याखाली अंडी सांभाळायची असतात. आणि नराच्या त्या पट्टीखाली दोन बारीक काड्या असतात, मीलनासाठी. त्या काडीचं टोक प्रत्येक जातीत वेगळं असतं. दात सारखे असतील, रंग सारखा असेल, पण काडी बघितली की जात पक्की कळते. हे सगळं ती आईसमोर, वरणभातावर तूप वाढत, बसच्या वेळा सांगाव्यात अशा आवाजात सांगत होती. आई माना डोलवत होती. लाजत एकटा मीच होतो.

"आणि याची काडी कशासारखीच नाहीये," ती म्हणाली. "आखूड आहे. टोक वेगळंच. पोटाची पट्टीपण नरासारखी अरुंद नाही आणि मादीसारखी रुंदही नाही. दात सहा, शृंगिका आपल्याच उपकुलाची. असा कुठंच वर्णन केलेला नाही."

"म्हणजे?"

तिनं भात कालवायला घेतला. पण त्या रात्री तिनं तीनदा ताटात मीठ घेतलं, त्यावरून मला कळलं, नवी जात असणार.

पुढचे काही दिवस घरात नव्या जातीचं बारसं चालू होतं. स्वतःचं नाव द्यायचं नसतं असं तिनं सांगितल्यावर मी उदारपणे माझं सुचवलं. ते तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. आई म्हणाली, "मुकुंदवाडीचं द्या, गावाचं नाव निघंल." प्रश्न निराळाच होता. नवी जात सांगायची तर ती सापडली कुठं हे लिहावं लागतं, आणि आमच्याकडं उत्तर होतं शहागंज. समुद्रात पोहणारा खेकडा, सापडण्याचं ठिकाण शहागंजचा बाजार, समुद्रापासून एका रात्रीच्या बसप्रवासावर. तिनं मासळीवाल्याला विचारलं. ते म्हणाले, "अब कैसा बताऊं मॅडम? पेटी रत्नागिरी की थी. मगर पेटी में क्या कहां का हय, वो तो अल्ला जाने."

तिच्या मार्गदर्शक बाई सावध स्वभावाच्या. त्यांनी फोटो पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, "चिरून उघडू नकोस इतक्यात, एकुलता एक आहे. आधी ठिकाणासकट आणखी नमुने आण."

आमचं लग्नानंतरचं फिरायला जाणं माझ्या रजेपायी तसंच राहिलं होतं. अशा रीतीनं आम्ही हनिमूनला रत्नागिरीला गेलो. कारखान्यातल्या मित्रांना मी समुद्राचे फोटो पाठवणार होतो. प्रत्यक्षात पहिल्या सकाळी, उजाडता उजाडता, मी बंदरावर मासळीच्या पाण्यात चप्पल भिजवून उभा होतो आणि माझी नवी नवरी टाकाऊ मालाच्या ढिगाशी उकिडवी बसली होती. जाळ्यातून काढलेले बारके खेकडे, शिंपले, शेवाळ असं सगळं त्यात होतं. मासळी निवडणाऱ्या बाया आमच्याकडं बघून हसत होत्या. एकीनं मला विचारलं, "ताईचं काय हरवलंय काय?"

"खेकडा," मी म्हणालो.

"मग मोठा घ्या की माझ्याकडचा. त्यात काय खायला हाय?"

मी बादली धरायची, बायको एकेक उचलून दात मोजायची, उलटा करायची आणि बादलीत किंवा परत ढिगात टाकायची. तिचा हात इतका भराभर चालत होता की मला आमच्या तपासणीच्या टेबलाची आठवण झाली. आणि मग हात थांबला. तिच्या तळव्यावर एक खेकडा उताणा होता, शहागंजच्या खेकड्यासारखाच, पोटाची पट्टी अर्धवट रुंद. मी आनंदानं ओरडलो, "सापडला!"

तिनं बोटानं पट्टी जरा उचलली. खाली पिवळट रंगाची एक मऊ पिशवी चिकटलेली होती, साधारण चिंचोक्याएवढी. तिनं ती पाहिली, पट्टी परत मिटली आणि खेकडा बादलीत ठेवला. नुसतं "चला" म्हणाली.

बंदराबाहेर एका टपरीवर आम्ही चहा घेतला. तिच्या हातांना मासळीचा वास, माझ्या पँटला मासळीचा वास.  समुद्र समोर होता, तो बघावा असंही मला सुचलं नाही.

"नवी जात नाहीये," ती शेवटी म्हणाली. "आजारी आहे तो."

मग तिनं सांगितलं. खडकांना चिकटून राहणारे काही कवचधारी जीव असतात, त्यांचाच एक परजीवी नातेवाईक आहे. त्याचं बारकं पिल्लू खेकड्याच्या अंगात शिरतं आणि आत मुळं पसरतात तसं सगळ्या शरीरात पसरतं. मग पोटाखाली त्याची ती पिवळी पिशवी बाहेर येते. त्यात त्याची अंडी असतात. खेकडा नर असला तरी त्याचं पोट मादीसारखं रुंद व्हायला लागतं, काड्या आखडतात. आणि ती परक्याची अंडी तो आपलीच समजून सांभाळतो, साफ करतो, वारा घालतो. कधी पिशवी गळून पडते. मग बाहेरून काही दिसत नाही, पण बदललेलं पोट तसंच राहतं. "शहागंजच्याची गळून पडली असणार. पट्टीखाली लहानसा डाग होता. मी पाहिला होता तो डाग. मला वाटलं बर्फानं झाला."

"म्हणजे तुला हे माहीत होतं?"

"अहो, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे हे." ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुलांना मी स्वतः शिकवलंय. पण नवीन पाहिजे होता ना मला."

 मी म्हणालो, "आमच्याकडंपण होतं असं. एखादा भाग मापात बसत नाही, आपण मोठ्या साहेबांना बोलावतो, आणि मग कळतं की आपल्याच व्हर्नियरला कचरा लागलाय."

"तुम्ही मला समजावताय की कचरा म्हणताय?"

"समजावतोय."

"मग आणखी एक चहा सांगा."

दुपारी आम्ही समुद्रावर गेलो, चप्पल हातात घेऊन पाण्यात चाललो, लोक काढतात तसे फोटोही काढले. परजीवी शिरलेला नर बायकांची कामं कशी करतो याबद्दल ती मधूनमधून माझ्याकडं बघून हसत होती. संध्याकाळी खोलीवर टॉवेल मी वाळत घातले तेव्हा तर फारच. मी ते मनावर घेतलं नाही.

घरी आल्यावर मार्गदर्शक बाईंनी परवानगी दिली आणि तिनं शहागंजचा खेकडा उघडला. आत आतड्याभोवती बारीक हिरवट धाग्यांचं जाळं होतं. आईनं चष्मा लावून पाहिलं. नाव द्यायची संधी गेली म्हणून ती हळहळेल असं मला वाटलं होतं. पण ती म्हणाली, "येवढं समदं आत घिऊन जगत व्हता बिचारा."

प्रबंधात त्या खेकड्याला शेवटी एक परिशिष्ट मिळालं, दोन फोटोंसकट. बायकोनं त्यात लिहिलं, की पोटाची पट्टी आणि काडी यांवरून जात ठरवताना असा नमुना घोटाळा करू शकतो, तेव्हा आधी परजीवी तपासावा. तिनं ते इतकं कोरडं लिहिलं होतं की वाचणाऱ्याला वाटावं हा घोटाळा दुसऱ्याच कुणाचा झाला.

प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. आई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. बाहेरगावचे परीक्षक समुद्रकाठचे होते, केस पांढरे, बोलणं हळू. त्यांनी शृंगिकेचे बुडखे, दातांची संख्या, कवचाची रुंदी सगळं विचारलं. रुंदी मोजताना किती जोर द्यावा यावरही एक प्रश्न आला, तेव्हा बायकोनं मागच्या रांगेत मला शोधलं आणि मी छताकडं बघितलं. परिशिष्टाशी ते जरा थांबले आणि म्हणाले की हे लिहिलंत ते बरं केलंत, माझेही पूर्वी असेच हात पोळलेत. बायकोचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा सैल झाला.

शेवटी त्यांनी रीतीप्रमाणं सभागृहाला विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

असं विचारायचं असतं, उत्तर द्यायचं नसतं. विभागातले सगळे उठायच्या बेतात होते. आईनं हात वर केला. मी तिचा पदर ओढणार होतो, पण मी दोन रांगा मागं होतो.

"विचारा ना, आई," परीक्षक म्हणाले.

आई उभी राहिली. "त्यो बिमार खेकडा दावला ना पडद्यावर. त्यो बरा होतो का मंग?"

मागं कुणीतरी हसलं. बायको मात्र हसली नाही. तिनं परीक्षकांना देत होती तशाच आवाजात उत्तर दिलं, "सहसा नाही होत. लगेच मरत नाही. खातो, फिरतो. पण जुनं कवच टाकून नवं येणं बंद होतं, म्हणून वाढत नाही."

"आन त्याला कळतं का, आपल्या पोटाखाली दुसऱ्याचं हाय म्हनून?"

बायकोनं परीक्षकांकडं बघितलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला. "हे आम्हालाही माहीत नाही, आई."

"बरं," म्हणून आई खाली बसली. परीक्षक काहीतरी टिपून घेत होते. काय ते आम्हाला दिसलं नाही.

निकाल तिथंच सांगितला. टाळ्या झाल्या, पेढे झाले, मार्गदर्शक बाई रडल्या. रिक्षात आई मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. मी बायकोला डॉक्टरीणबाई म्हणून बघितलं, तिनं कोपर मारलं, ते आईला लागलं.  तरी सिडकोपर्यंत आई बाहेरच बघत होती. मला वाटलं तो खेकडाच अजून डोक्यात असेल.

"काय झालं, आई?" बायकोनं विचारलं.

"काय नाय. लई शिकलेली माणसं हायेत समदी," आई म्हणाली. "पर तुला कुनी बस म्हणलं नाय गं एकदा बी. सगळे बसून, आन माझी पोर तेवढी उभी."

"परीक्षा उभ्यानंच असते आई."

"आसंल. म्हनावं तरी एकदा, बस बाई म्हनून."

बायकोनं वाकून चपला काढल्या आणि पाय रिक्षाच्या दांडीवर टेकवले. टाचा लाल झाल्या होत्या. "दुखत होते खरंच," ती म्हणाली.

"मंग!" आई म्हणाली, आणि रिक्षावाल्याला जरा सावकाश घ्यायला सांगितलं.